दोन अल्टरनेटरचा जावई

व्हर्लिन हाउगस्टाडला विचारलंत तर तो सरळ सांगेल, की आपल्या डिझेल पिकअपला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारी यंत्रं, दोन आहेत, पण मालकाला डोकं एकच, आणि तेही थंडीत नीट चार्ज होत नाही.

उत्तर डकोटातल्या त्या गावात पिकअप काय, घरटी एक. पण पुढे बर्फ लोटायचं पातं, टपावर दिव्यांची रांग, तापणाऱ्या सीट आणि घरासारखी वीज देणारा इन्व्हर्टर, एवढा संसार एका अल्टरनेटरवर भागणार नाही म्हणून जोडीला दुसरा घेणारा हा एकटाच. त्याने वर्षभर गावाचे कान किटवले. शेवटी कुणाची कॉफी गार झाली की लोक म्हणायला लागले, व्हर्लिन, जरा दुसरा लाव बघू. तोही हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

हसत नव्हत्या त्या फक्त सासूबाई. आर्डिसबाई, वय ऐंशीच्या पुढे, गावाबाहेर एकट्या राहायच्या. त्यांच्या मते, नुसतं जेवायला येणाऱ्या माणसाला एक अल्टरनेटर पुष्कळ झाला. त्यातून नाताळच्या दिव्यांची माळ त्यांच्या छपराच्या कडेला दोन हिवाळे तशीच लोंबत होती. ती उतरवायचं काम जावयाचं. दर रविवारी त्यांच्या ओव्हनमधल्या गरमागरम हॉटडिशवर ताव मारून तो म्हणायचा, पुढच्या रविवारी नक्की.

त्या मार्चमध्ये मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. व्हर्लिनची बायको मार्ना मिनॉट शहरातल्या इस्पितळात नर्स. तिने आईला निक्षून सांगितलं होतं, की या हिवाळ्यात एकदा जरी घर गारठून नळ फुटले, तर घर विकायचं आणि तू वृद्धाश्रमात जायचं. तेव्हा व्हर्लिनच मध्ये पडला. म्हणे, माझी गाडी असेपर्यंत त्यांचं घर गारठायचं नाही. घर तापवणारी भट्टी चालते गॅसवर, वीज लागते ती तिच्या पंख्याला, तेवढी मी गाडीतून देतो. त्याने पंख्याला पिनसुद्धा जोडून ठेवली.

आणि भर दुपारी हिमवादळात अख्ख्या भागाची वीज गेली.

व्हर्लिनला कोण आनंद झाला! आता तोंडावर सांगायला लाज वाटते त्याला, पण झाला खरा. उडी मारून गाडीत बसला, टपावरचे सगळे दिवे लावले आणि बर्फ उडवत निघाला. सासूबाईंच्या दारात उतरून मागे बघतो तर काय, गाडीला लांबलचक शेपूट! तिकडे थंडीत इंजिन गारठू नये म्हणून त्याचा हीटर रात्रभर भिंतीतल्या विजेवर लावून ठेवतात. ती वायर काढायची हा पठ्ठ्या विसरला होता. वायर भिंतीतून उपटून फरफटत आली होती आणि चाकाखाली तिच्या चिंध्या झाल्या होत्या. भट्टीपर्यंत वीज न्यायला तीच एक वायर होती.

आर्डिसबाई कोट घालून दारात उभ्या होत्या. घर निवायला लागलं होतं.

"म्हणजे वीज गाडीत आणि भट्टी तळघरात," त्या म्हणाल्या.

जमीन दुभंगली असती तर व्हर्लिन आत शिरला असता, पण ती दगडासारखी गोठलेली. आर्डिसबाईंनी वर माळेकडे पाहिलं, मग भिंतीलगत बर्फात गाडल्या गेलेल्या, तिला वीज पुरवणाऱ्या लांब वायरकडे बोट दाखवलं.

"ही चालेल का रे? दोन वर्षं तुझी वाट बघत पडलीय."

मग त्यांनी काडी ओढून गॅसवर पाणी तापवलं. त्या ओतत होत्या, हा हातोडीने बर्फ फोडत होता. वायर सुटली, भट्टीला लागली, पंखा फिरला आणि लगेच मंदावला. इंजिन नुसतं घुरघुरत होतं, वर टपावरचे दिवे ढणाढणा जळत होते, मग दोन काय नि चार काय, वीज पुरणार कशी? त्याने दिवे विझवले आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून बसला. पंख्याने वेग घेतला. आता पाय उचलायची सोय नव्हती. एवढे पैसे ओतून शेवटी सगळा भार आपल्या पायावरच, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो एकटाच हसला.

संध्याकाळी आर्डिसबाई कॉफी घेऊन बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच त्या गाडीत चढून शेजारी बसल्या. मार्नाचा फोन आला होता, त्यांनीच घेतला होता.

"काय म्हणाली?" व्हर्लिनने भीतभीत विचारलं.

"घर गारठलं का म्हणून विचारत होती. म्हटलं, मी आत स्वेटर काढून बसलेय."

मग त्यांनी सीटवर हात फिरवला.

"ही पण त्या दुसऱ्यावरच तापते का?"

"हो."

"बरी आहे," त्या म्हणाल्या आणि जरा रेलून बसल्या.

काहीतरी चांगलं बोलावं म्हणून व्हर्लिन म्हणाला, "तुमची माळ येत्या रविवारी उतरवतो. नक्की."

"काही नको," आर्डिसबाई म्हणाल्या. "ती वायर पुन्हा लावून ठेव तिथे, पुढच्या वादळाला लागेल. मला अजून इथेच राहायचंय."