मागच्या खिडकीतला हात

त्या वर्षी कालिंदीचा उजवा हात तिचा राहिलाच नव्हता. स्वयंपाकघरात ती डब्याकडे वळली की हात आपोआप आडवा व्हायचा, आणि दारात कोणी समोर आलं की पंजा वर. शेजारची आशा खिदळायची, "वहिनी, आम्ही काय ट्राम आहोत?" कालिंदीही हसायची, पण जीव सारखा टांगणीला लागलेला.

कारण होतं तिच्या नवऱ्याचा, दिगंबररावांचा, उजवा खांदा. तो असा काही धरला होता की गाडीचं चाक फिरे, पण हात खिडकीबाहेर काढून उचलता येत नसे. आणि तेव्हा वळायचं, हळू व्हायचं, थांबायचं, सगळं मागच्याला हातानंच सांगावं लागे. कायदाच तसा होता. त्यांच्या जुन्या मॉरिसला दिशा दाखवणारा एक छोटा दांडा होता खरा, पण तो विकत घेतल्यापासूनच रुसून बसलेला. नोकरी पंप विकायची, कलकत्त्याच्या बेहाल्यातल्या घरापासून थेट बजबजच्या तागाच्या गिरण्यांपर्यंत हिंडायची. गाडी बंद म्हणजे फिरती बंद, आणि फिरती बंद म्हणजे गाशा गुंडाळून नाशिकला थोरल्या दिरांच्या दारात. ते चित्र डोळ्यांपुढे आलं की कालिंदीला घास गिळवत नसे.

युक्ती दिगंबररावांचीच. "तू माझ्या पाठीमागे बस. मी सांगितलं की तुझ्या खिडकीतून हात काढ. हात कुणाचा, हे कोण बघतंय?"

अख्खं कलकत्ता बघत होतं. एस्प्लनेडच्या चौकात हिरव्या बांगड्यांचा तो हात बाहेर आला की ट्रामवाले दात काढत.

महिनाभरात दिगंबररावांनी सांगणंही सोडलं. त्यांची मान किंचित कलली की कालिंदीला वळण कळे. तेवढ्यानं साहेब निर्धास्त झाले. रस्ता बघायला बायको आहे म्हटल्यावर हे डोक्यात पंपांचे सौदे करायला मोकळे! कालिंदी मात्र घरी आल्यावरसुद्धा रस्त्यावरच असायची. डोळा लागला की दचकून उठायची.

"अहो, डॉक्टर म्हणालेत ना, खांदा सुटेपर्यंत चालवू नका म्हणून? कधीतरी पोलीस धरतील."

"धरतात कसले! उलट वाट करून देतात तुझ्या हाताला."

मग एका सकाळी, बजबजच्या वाटेवर, गिरणीची पाळी सुटली होती. मागून तागाच्या गासड्यांची लॉरी येत होती. पुढे डोक्यावर मुडीची, म्हणजे आपल्या चुरमुऱ्यांची, टोपली घेतलेली एक बाई रस्त्यात उतरली. कालिंदीनं तिला पाहिलं आणि झटकन पंजा वर केला. थांबतोय. मागची लॉरी करकचून थांबली.

मॉरिस थांबलीच नाही. दिगंबरराव नदीकडे बघत होते.

कालिंदीचा हात वर तसाच राहिला आणि तोंडातून शब्द फुटेना. अगदी शेवटी ब्रेक लागला, तरी मडगार्डनं बाईला ढकललंच. सगळ्या रस्त्यावर चुरमुरे पांढरे पसरले आणि ती बाई त्यांच्यात बसून रक्ताळलेलं कोपर धरून रडायला लागली.

लॉरीवाला सरदारजी उतरला. "बाईजीने हाथ दिया, मैं रुक गया. तुम क्यों नहीं रुके?"

गर्दी जमली, शिपाई आला. त्यानं लायसन्स मागितलं. दिगंबररावांनी ते डाव्या हातानं काढून दिलं आणि घाम पुसत म्हणाले, "ब्रेक नहीं लगा."

 आता गप्प बसलं की निभावतंय, हे कालिंदीला कळत होतं. नाशिकचं दारही दिसत होतं. पण त्या बाईचं कोपर त्याहून जवळ होतं.

"ब्रेक ठीक है," ती म्हणाली. "हाथ मेरा था. इनका हाथ उठता नहीं."

लायसन्स जमा झालं. त्या बाईला दवाखान्यात नेऊन, पट्टी बांधून, घरी सोडून, गाडी तिथेच ठेवून दोघं लोकलनं परतली.  घरी पोचताच दिगंबरराव कडाडले, "नवऱ्याला भर रस्त्यात उघडं पाडलंस!"

"पाडलं," कालिंदी म्हणाली. "पण मला झोप येणार नाही ती त्यासाठी नाही. मी सगळ्या रस्त्याला सांगितलं हो, आणि पुढ्यात बसलेल्या तुम्हाला सांगायचं राहिलं. मी ओरडायला हवं होतं."



दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, गाडी आपणच शिकायची. "मी शिकवतो," दिगंबरराव पडेल आवाजात म्हणाले. "तुम्ही नाही. शेजारी बसणाऱ्याकडे लायसन्स लागतं." मग आशाच्या वडिलांनी, श्यामकांतकाकांनी, गाडी परत आणून तिला मैदानाभोवती शिकवलं. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडे आणि काका डोळे मिटून घेत. परीक्षेत निरीक्षकानं हाताच्या खुणा तेवढ्या पुन्हा करायला लावल्या, निव्वळ बघायला बरं वाटलं म्हणून.

कंपनीनं कुरकुरत का होईना, बायकोनं गाडी चालवणं मान्य केलं. पहिल्याच फेरीला कालिंदी चाकावर आणि दिगंबरराव मागे, कागद मांडीवर घेऊन. गिरणीजवळ आल्यावर ती मोठ्यानं म्हणाली, "थांबतेय हं," आणि पंजा वर केला.

"अगं, हात दिसतो की मागच्यांना. मला कशाला सांगतेस?"

"तेव्हाही मागच्यांनाच दिसला होता."

रस्त्याच्या कडेला ती मुडीवाली उभी होती. गाडी पुरती थांबली होती, तरी ती उतरेना. मडगार्डकडे बघत टोपली घट्ट धरून उभी. कालिंदीनं हातानं जा म्हटलं. बाई हलली नाही. त्या हातावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि का असावा? कालिंदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मागून हॉर्न वाजायला लागले. दिगंबररावांनी कागद बाजूला ठेवले, दार उघडून खाली उतरले आणि आपला चालता डावा हात वर धरून मागच्या गाड्यांपुढे जाऊन उभे राहिले.

तेव्हा ती बाई रस्त्यात उतरली.