अंबाडीच्या दोराचं दुसरं टोक
परवा दोरासाठी नाल्यात भिजत घातलेल्या अंबाडीचा कुजकट वास आला आणि मेडशी गावच्या त्या माणसाचा मला पुन्हा तेवढाच राग आला. गोष्ट एकोणीसशे सत्तरनंतरची. माझा नवरा रोज प्यायचा. मी रडले, भांडले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्याला शपथा घ्यायला लावल्या. एकही आठवडाभर टिकली नाही. हा माणूस त्याचा पिण्यातला जुना सोबती, आता दारू सोडलेला. एका दुपारी यष्टीनं आला आणि अंगणात नवऱ्यासोबत अंबाडीचा दोर वळायला बसला. ‘‘पेल्यावर तुले काय बरं वाटते?’’ त्यानं विचारलं. चुलीपुढे माझा जीव जळला. दारूचं कौतुक विचारून राह्यला! ‘‘डोकं शांत होते,’’ नवरा म्हणाला. ‘‘अन् सकाळी?’’ नवऱ्यानं दोराला आणखी एक पीळ दिला. ‘‘पोरगी मले पाहून दाराआड जाते.’’ ‘‘दाराआड जाते,’’ पाहुणा हळू म्हणाला आणि दोराचं दुसरं टोक धरून राहिला. ‘‘नाही पाहवत, गड्या. सोडाच लागते आता,’’ नवरा म्हणाला. मी त्या पाहुण्याला मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला. ‘‘झकास झाला, वहिनी,’’ म्हणून तो प्यायला. पुढे नवरा दोनदा घसरला, प्रत्येकदा हा येऊन बसला आणि दारू सुटली. पोरगी बापाच्या मांडीवर बसू लागली, मला आनंदही झाला. आज नवरा आणि तो माणूस, दोघंही नाहीत. पण दाराआडची ती गोष्ट नवऱ्यानं मला कधीच सांगितली नाही, आणि मीही त्याला कधी विचारलं नव्हतं; ती त्या माणसानं दोन प्रश्नांत काढून घेतली, याबद्दल त्याला माफ करणं मला अजून जमत नाही.