खुडूक गाडी आणि एक सूत

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. चार टवाळ माणसं दर रविवारी एकाच बाकड्यावर बसली की ते आपोआप साठतात, गॅरेजच्या कोपऱ्यातल्या जुन्या टायरांसारखे. माझ्याकडे सत्तरच्या दशकातल्या सोलापूरचे असे बरेच पडून आहेत, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एकच मोटारसायकल उभी आहे. बायको म्हणते, "आपल्या लग्नातलं तुम्हाला काही आठवत नाही, पण त्या गाडीचा नट अन् नट आठवतो." खरं आहे! लग्न एका दिवसात उरकलं होतं. गाडीला दीड वर्ष लागलं.

बाकडं होतं शुक्रवार पेठेत, करीमचाचांच्या वर्कशॉपपुढे. चाचांकडे एक लेथ, एक वेल्डिंगचं मशीन आणि प्रत्येकाच्या गाडीबद्दल एक वाईट मत असायचं. बाकड्यावर आम्ही तिघं. मी सरकारी कचेरीत नकाशे गिरवणारा ट्रेसर, साताऱ्याहून बदली होऊन आलेला. नरसय्या यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग सुधारणारा. घरात तेलुगू, बाहेर स्वतःचं खास मराठी. आणि सिद्धू, भुसार दुकानदार अप्पांचा एकुलता एक मुलगा. गाडी सिद्धूची, हात नरसय्याचे आणि सल्ले माझे. बिघाड कुठून यायचे ते तुमच्या लक्षात आलंच असेल!

*

नवी गाडी नोंदवली तर नंबर लागेपर्यंत सिद्धूच्या डोक्यावरचे केस गेले असते. म्हणून जुनीच घ्यायची ठरलं. त्याची अट एकच. "पळाली पायजे. लई पळाली पायजे."

पहिली गाडी इतकी चकचकीत होती की सिद्धू तिच्या टाकीत बघून भांग पाडायला लागला. नरसय्यानं पिशवीतून मागावरचा लाकडी धोटा काढला. त्याचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. डॉक्टरसुद्धा इतका वेळ घेत नाही. मग म्हणाला, "हा मरतंय." दुसरी गाडी. पुन्हा धोटा. "हा पन मरतंय."

तिसरी निघाली थेट नातेपुत्याला, एका बागायतदाराच्या गोठ्यात. अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची, धुळीनं माखलेली. सीट मधोमध फाटलेली आणि त्या खड्ड्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली! नरसय्यानं हातानं किक हळूहळू दाबत, धोटा लावून ऐकलं. कोंबडीनं एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"हाच!" नरसय्या म्हणाला. "हा गाना म्हनतंय."

बागायतदार म्हणाला, "न्या की खुशाल. पर कोंबडी खुडूक हाय. ती उठल्याबिगर गाडी हलायची न्हाय."

सिद्धू म्हणाला, "मामा, कोंबडी उचलून टोपलीत ठिवा की!"

"बाळंतिणीला कुनी खाटंसकट रस्त्यावर ठिवतं व्हय रं?"

आठवडाभर थांबलो. अकरा पिल्लं निघाली, कोंबडी उठली आणि मग गाडी आमची झाली. तेव्हापासून तिचं नाव पडलं खुडूक. आणि नावाला जागून पहिले दोन महिने ती काही केल्या जागची उठेना!

*

शेवटी उठली. चाचांनी कार्बोरेटर तीनदा उघडला, नरसय्यानं चाकं सरळ केली. तीसुद्धा कशी? मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत मागावरचं सूत ताणून धरायचं आणि एका डोळ्यानं बघायचं. केसभर फरक दिसला तरी "वाकडा हाय" म्हणून पुन्हा नट सैल. पण त्यानंतर खुडूक हात सोडले तरी नाकासमोर चालायची.

मग सिद्धूला रेसचं हँडल हवं झालं. परदेशी मासिकातला फोटो मीच दाखवला होता. चाचांनी हँडल कापून खाली वाकवून दिलं. सिद्धू टाकीवर पोट टेकवून, मान पुढे काढून पेठेतून सुसाट गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळपर्यंत सिद्धूच्या घरी पेठेतल्या सात बायका विचारपूस करून गेल्या. चौघींनी ओवा आणला होता, एकीनं हिंग. त्याच्या आईनं त्याला पुढ्यात बसवलं. "इतकं पोटात दुखतंय, गाडीवर वाकडा होऊन हिंडतोस, आणि मला बोलला न्हाईस व्हय?"

ओवा खावा लागलाच. हँडल दुसऱ्या दिवशी दोन इंच वर आलं.

*

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पा भरभक्कम माणूस. धोतर, कोट, टोपी, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. मूळ गाव अक्कलकोटच्या बाजूचं. दुकानात गिऱ्हाइकाशी मराठी, घरात दोन्ही मिसळून. पण बैलांशी मात्र फक्त कन्नड.

सोलापुरात मी नवा असताना एकदा त्यांच्या दुकानासमोर पोत्यांनी भरलेली बैलगाडी चिखलात रुतली. अप्पा ओट्यावर उभे राहून ओरडायला लागले, "होडी! होडी!" मी चकित. इथे प्यायच्या पाण्याची मारामार आणि हे होडी मागवतायत! मी खरंच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

सिद्धू हसून हसून पोत्यावर आडवा झाला. "अहो, होडी म्हंजे हाण! हाक गाडी!"

अप्पांनी ते ऐकलं. पुढे वर्षभर मी दुकानात गेलो की विचारायचे, "काय साताऱ्याचे नावाडी, चहा घेनार?"

*

खुडूकच्या पळण्यावर सिद्धूचं समाधान होत नव्हतं. मी मासिक वाचून सल्ला दिला, चेनचं पुढचं चक्र मोठं करा. चाचांनी केलं. सपाट रस्त्यावर गाडी अशी पळाली की सिद्धूची टोपी आजतागायत सापडलेली नाही!

पण चक्र मोठं केलं की पळ वाढतो आणि चढावरची ओढ कमी होते. मासिकात ते पुढच्या पानावर होतं. ते पान फाटलेलं होतं.

त्याच आठवड्यात तुळजापूरला अप्पांच्या भाचीचा साखरपुडा. एस.टी. चुकली. अप्पा आयुष्यात पहिल्यांदा मुलाच्या मागे गाडीवर बसले. घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर खुडूक धापा टाकत बसली. अप्पा उतरले. सिद्धू रेस करतोय, अप्पा मागून ढकलतायत. घामानं विभूती नाकावर आलेली.

एवढ्यात मागून इनामदार आले. इनामदार म्हणजे अप्पांचे जुने गिऱ्हाईक, गावची शेती, झुपकेदार मिशी आणि साडेतीनशे सीसीची गाडी. ढब् ढब् ढब् करत शेजारी थांबले. गाडी बंदसुद्धा केली नाही.

"अप्पा," ते म्हणाले, "हे इंजिन मला देऊन टाका. माझ्या विहिरीवर बसवतो. तितं चढ न्हाय!"

आणि निघून गेले. साखरपुड्याला अप्पा शेवटच्या पंगतीला पोचले. तोपर्यंत इनामदारांची ही विहिरीची गोष्ट सगळ्या मांडवाला सांगून झाली होती.

परत आल्यावर अप्पा वर्कशॉपमध्ये आले, पहिल्यांदाच. आम्ही उभे राहिलो. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"मी इनामदारांना शब्द दिलाय. येत्या महिन्यात पुन्हा त्याच घाटात, ते त्यांच्या गाडीवर, मी ह्या गाडीवर. मला मधी कुटं उतरावं लागलं, तर इंजिन काढून त्यांच्या विहिरीवर जाईल. आन् सिद्धराम दुकानात बसंल. सायकलवर हिंडंल."

सिद्धू पुरता पांढरा पडला. खुडूकच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला, आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती.

*

मग प्रायश्चित्त म्हणून मी मासिक नीट वाचलं. फाटलेलं पानही दुसऱ्या प्रतीतून मिळवलं. पुढचं चक्र मूळचंच बसवायचं आणि सिलिंडरचं हेड खालून थोडं घासायचं. त्यानं आतली जागा कमी होते, दाब वाढतो, ओढ वाढते. किती घासायचं तेही दिलं होतं: इंचाचा बत्तिसावा भाग. कारागिरांच्या भाषेत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तेव्हा हे झालं पाव सूत. मी चिठ्ठी लिहिली आणि कचेरीच्या कामानं चार दिवस बाहेरगावी गेलो.

परत आलो तर करीमचाचा वर्कशॉपच्या दारात माझी चिठ्ठी घेऊन उभे.

"ये क्या लिखे साब? 'हेड एक सूत घासणे'? एक सूत घिसे तो पिस्टन ऊपर जाको हेडकू टकराता ना! इंजिन के टुकड़े होते!"

'पाव'च्या जागी मी 'एक' लिहून बसलो होतो! मी विचारलं, "हेड कुठाय?"

"मैं तो शादी में गया था. नरसय्या घिस डाला!"

आत नरसय्या बसला होता. टेबलावर जाड काच, काचेवर पॉलिश पेपर, शेजारी हेड. चार दिवस माणूस हातानं घासत होता. सिद्धू त्याच्याकडे बघत होता, मी सिद्धूकडे बघू शकत नव्हतो.

"नरसय्या, किती घासलंस?"

"एक सूत," तो अभिमानानं म्हणाला. "तू लिवला ना."

"अरे, पण मोजलंस कशानं?"

त्यानं खिशातून एक धागा काढला. चादरीचा, जाडजूड, निळा. "हा काय. एक सूत! आमच्यात दारम म्हनतंय." मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून जरा घाबरला. "का? दोन सूत पायजे होता?"

चाचांनी गेज लावला. एकदा पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग गेज खाली ठेवून नरसय्याच्या डोक्यावर हात फिरवला.

"बरोब्बर पाव सूत!"

*

ठरलेल्या रविवारी सकाळी अप्पांच्या दुकानापुढे ही गर्दी! इनामदार मेव्हण्याला मागे बसवून आले. अप्पांनी मेव्हण्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"हे पावनं हलकं हायत," ते म्हणाले. "काट्यावर या."

आणि खरोखर दोघे ज्वारीच्या काट्यावर चढले. आधी अप्पा, मग मेव्हणा. मेव्हणा अकरा किलो कमी भरला. अप्पांनी शांतपणे अकरा किलो ज्वारी मोजली, पिशवीत घातली, तोंड बांधलं आणि मेव्हण्याच्या मांडीवर ठेवली.

"अप्पा, ही काय चेष्टा?" इनामदार म्हणाले.

"आमच्या दुकानात माप चोख असतं. घरी जाताना घिऊन जावा. ज्वारी चांगली हाय."

*

मी आणि नरसय्या पहाटेच्या एस.टी.नं पुढे जाऊन घाटमाथ्यावर उभे होतो. नरसय्याच्या पिशवीत पाने, प्लग आणि धोटा. खालची वळणं दिसत नव्हती, फक्त आवाज यायचा.

आधी आला तो ढब् ढब् ढब्. फक्त तोच. मी खाली बसलो. विहीर दिसायला लागली, विहिरीवर खुडूक दिसायला लागली.

नरसय्यानं मला दंडाला धरून उठवलं. त्याचे डोळे मिटलेले होते. "थांब की," तो म्हणाला. "मागनं येतंय. गाना म्हनतंय."

आणि मग मलाही ऐकू आलं. बारीक, सलग, चढत जाणारा आवाज. ढब् ढब्च्या मागून, मग शेजारून, मग पुढे! आणि त्या आवाजावर आणखी एक आवाज, अख्ख्या घाटात घुमणारा.

"होडी! होडी! सिद्धरामा, होडी!"

वळणावरून खुडूक वर आली. सिद्धू टाकीवर वाकलेला. मागे अप्पा, एक हात मुलाच्या खांद्यावर, दुसरा हवेत, चाबूक धरल्यासारखा. टोपी कुठे गेली कोण जाणे. विभूती मात्र जागच्या जागी! नरसय्या नाचत होता. मी रडत होतो, यात लाजायचं काही नाही.

इनामदार अजून दोन वळणं खाली होते. सिद्धूनं गाडी आमच्यापुढे थांबवली. तो मागे वळला. "अप्पा, आलो! घाट संपला! उतरा की आता!"

अप्पांनी खाली वळणाकडे पाहिलं. कोट झटकला. सीटवर आणखी नीट सावरून बसले.

"उतरतंय कोन! फिरव गाडी, खाली घे. इनामदारांनी आपल्याला नुसतं मागनं बघितलंय. एकदा समोरनं बघू दे की!"