रोबोटचा पट्टा आणि लेथची पुली

पट्टा पाचव्यांदा उतरला, तेव्हा भाग्यश्रीनं रिमोट खाली ठेवला. "सर, सरळ जातंय छान. वळवलं की उतरतंय बघा."

मी सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप इन्स्ट्रक्टर होतो. भाग्यश्री अक्कलकोटची, शेवटच्या वर्षाला, रोबोटिक्स टीमची कॅप्टन. स्पर्धेच्या मैदानात वाळू होती, पायऱ्या होत्या, चर होता. चरात चाकं अडकतात, म्हणून तिनं रणगाड्यासारखे पट्टे लावायचं ठरवलं. दोन्ही बाजूंना रबराचा रुंद पट्टा, त्याच्या आत तीन-तीन पुल्या, मागची पुली मोटर फिरवणार. बाकी सगळे चाकंच म्हणत होते. ही एकटी अडून बसली.

प्रिन्सिपलसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "शुक्रवारी ट्रायल. पट्टा एकदा जरी उतरला, तर टीम जाणार नाही. कॉलेजचं हसं नको."

ही तिची पहिली स्पर्धा होती, आणि शेवटचं वर्ष असल्यानं शेवटचीही.

रणगाड्याला स्टिअरिंग नसतं. वळायचं तर एक पट्टा पुढे फिरवायचा, दुसरा मागे. तेव्हा पट्टे जमिनीवर आडवे घासतात आणि पुलीवरून बाजूला सरकतात. पोरांनी पट्टा ताणून घट्ट केला, तर मोटर तापली. सैल केला, तर पट्टा पुलीवर घसरायला लागला. मग मी पुढे झालो.

आमचं घर विणकरांचं. लूमचा पट्टा घसरला की वडील त्याला राळ लावायचे. चिकट पट्टा पुलीला धरून राहतो. मी तेच केलं. वर ऐकवलंही, "लूमवर चालतं, तर या खेळण्यावर का नाही चालणार?"

पट्टा घसरायचा थांबला. पण वळताना रोबोट अडला, आणि घसरून मोकळं व्हायची वाट मीच बंद करून ठेवली होती. मोटर जळाली. वासावरूनच सगळ्यांना कळलं. बुधवार होता आणि स्पेअर मोटर एकच होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो. तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी पोरांसमोर फारसं वापरलं नव्हतं.

भाग्यश्री स्पिरिटनं राळ पुसत बसली. नंतर कोपऱ्यातल्या जुन्या, पट्ट्यावर चालणाऱ्या लेथपाशी गेली आणि पुलीवरून हात फिरवत राहिली.

"सर, ही पुली मधी फुगल्यागत का हाय?"

"मुद्दाम ठेवतात. फिरता पट्टा आपोआप उंच भागाकडे चढतो, म्हणून तो मधोमध..." आणि माझी नजर रोबोटच्या पुलीवर गेली.

"आपली सपाट हाय की!"

दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला मी हेच सांगत आलो होतो. ऐन वेळी मला मात्र राळच सुचली.

लगेच नायलॉनच्या सहाही पुल्या लेथवर चढवून कातायला घेतल्या. मध्ये जाडी तशीच ठेवून दोन्ही कडांकडे जेमतेम एक मिलिमीटर उतार दिला. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. मी एक भर घातली. मधली पुली तीन मिलिमीटर खाली घेतली. खोलगट तवा फरशीवर ठेवून फिरवला की कसा सहज फिरतो, तसं वळताना वजन मध्यावर आलं आणि घासणं कमी झालं.

शुक्रवारी साहेब हाताची घडी घालून उभे राहिले. रोबोट पायऱ्या चढला, चर ओलांडला. "जागेवर वळवा," ते म्हणाले. भाग्यश्रीनं वळवला. डावा पट्टा चांगला बोटभर सरकला.  ती थांबली नाही, रोबोट सरळ पुढे काढला. दोन फुटांत पट्टा आपला आपण मध्ये आला.

"परत."

सात वेळा वळवायला लावलं. पट्टा उतरला नाही.

"आयडिया कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"सरांनी शिकवलंय की."

"शिकवलं मी सगळ्यांनाच, साहेब," मी म्हणालो. "हात लावून बघितलं ते हिनं."

मला तिचा अभिमान वाटला, आणि तो मी लपवलाही नाही. स्पर्धेत आमचा तिसरा नंबर आला. पट्ट्यांवर चालणारा रोबोट तिथं आमचा एकच होता.

घसरत्या पट्ट्याला राळ लावणं सोपं असतं. पुली उतरवून लेथवर चढवायची, तर आधी आपलं चुकलं असं म्हणावं लागतं.