टाके काढायचा दिवस

फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या गुडघ्याची पट्टी सोडत होते. मुरूडच्या एका दवाखान्यात ड्रेसिंगचं काम माझ्याकडं आहे. नांदेडहून पुतण्या बोलत होता, "काकू, काका गेले. चहा पिता पिताच..." आजोबांची जखम उघडी होती. ती झाकली आणि मग खाली बसले.

ड्रेसिंग रूममध्ये किस्से रोज साठतात. संध्याकाळी चहाला हे विचारायचे, "आज कोण कोण आलं होतं?" आता विचारणारं कुणी नाही, आणि किस्से थांबत नाहीत. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितेय.

*

एक काकू हात भाजून आल्या. बोटांपासून मनगटापर्यंत टूथपेस्ट!

"भाजलं की आधी नळाखाली हात धरायचा, काकू. पेस्ट कशाला?"

काकूंचा नवराच पुढं झाला. "महागातली हाय, सिस्टर. साधी न्हाई लावली!"

*

सोयाबीन काढणीत विळा लागलेली बोटं घेऊन माणसं येतात. एकानं जखमेत तंबाखू दाबून आणली होती. मी धुऊन काढत म्हटलं, "रक्त थांबवायला स्वच्छ फडकं दाबून धरायचं."

"वावरात स्वच्छ फडकं कुठून आणू? तंबाखू खिशात असती."

सगळी ट्रेमध्ये पडल्यावर तो हळहळला, "आख्खी पुडी गेली की हो!"

*

उठून चहा ठेवला. दोन कप पाणी पडलं. गॅस बंद केला.

*

महालक्ष्म्यांच्या आधी एक सून आली. विळीवर बोट जरासं कापलेलं. मी धुऊन छोटी पट्टी लावली. ती उठेचना.

"सिस्टर, मनगटापर्यंत बांधा की."

"एवढ्याशाला?"

"घरी लई पुरण वाटायचंय. ही पट्टी सासूबाईला दिसायची न्हाई!"

मी बांधली. दुसऱ्या दिवशी सासूबाई हजर. धडधाकट हात पुढं करून म्हणाल्या, "सुनेला बांधली तशीच बांधा!"

*

टाके काढायला मात्र माणसं येत नाहीत. दुखायचं थांबलं की विसरतात. एकाला मी फोन केला.

"काढले की, सिस्टर!"

"कुणी?"

"कटिंगवाल्यानं. दाढी करून घेत होतो, म्हटलं हेबी काढ."

हे ऐकून आमचे हे इतके हसले की चहा शर्टावर सांडला.

*

मग यांचीच पाळी आली. लोणच्याच्या कैऱ्या फोडताना कोयता तळहाताला लागला. शाळेत वर्गच्या वर्ग धाकात ठेवणारे हे टेबलावर डोळे मिटून, माझा हात घट्ट धरून, "संपलं का? संपलं का?"

डॉक्टर म्हणाले, "सर, अजून सुई हातातच आहे!"

टाके काढायच्या दिवशी सकाळी मी घरीच सगळं मांडून ठेवलं. हे पिशवी घेऊन दारात. पुतण्याची सोयरीक जमत होती, नांदेडला जायचं होतं.

"आधी टाके," मी म्हटलं.

"बस चुकंल. आल्यावर काढ."

"तुम्हीपण त्यातलेच!"

"मी कटिंगवाल्याकडं जाणार न्हाई, सुमन. तुझ्याकडंच येतो."

टाके काढायचे राहिले.