चाळीस पिल्लांची दाई

भर दुपारी मी नांदेडहून चाळीस पिल्लं घेऊन लातूरला घरी पोचलो, तेव्हा आमच्या घरात बाळंतपणाची संपूर्ण तयारी झालेली होती. पुढची खोली सारवलेली, खिडक्यांत जुनी लुगडी कोंबलेली, चुलीवर पाण्याचा हंडा खदखदत असलेला, आणि दारात पाय पसरून पान चघळत बसलेली आमच्या गल्लीतली दाई, गयाबाई. बाळंतीण तेवढी नव्हती. ती मी आणायची होती म्हणे!

हे असं का झालं ते सांगायचं तर माझ्या मराठीपासून सुरुवात करावी लागेल.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा नवा, कचेरी नवी, साहेब नवे. जुना फक्त मी, उस्मानाबादहून बदलून आलेला कारकून. (टेबल मिळालं होतं, खुर्ची यायची होती. ती येईपर्यंत मी फायलींच्या गठ्ठ्यावर बसून शासन चालवलं.) पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दडी मारलेली. रानात काही नाही तर निदान परसात कोंबड्या पाळा, असं लोकांना सांगायचं ठरलं. घरच्या घरी पिल्लं कशी जगवावीत याचं एक इंग्रजी पत्रक होतं, ते मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. नव्या जिल्ह्याचं पहिलं पत्रक! मी हात धुऊन त्याच्या मागे लागलो.

त्यात एक शब्द सारखा येत होता, ब्रूडर. गोष्ट अगदी साधी. पुठ्ठ्याचं गोल कुंपण, खाली भुसा, वर टांगलेला बल्ब. कोंबडीच्या पंखाखाली मिळते ती ऊब पिल्लांना बल्बखाली मिळते. पण ब्रूडरला ब्रूडरच म्हणायचं तर मग कारकून कशाला हवा? मी 'कृत्रिम दाई' असा शब्द योजला. (त्याआधी 'उष्मादायिनी' योजला होता. तो वाचून साहेबांनी पाणी मागवलं.)

"शब्द झकास आहेत," साहेब म्हणाले. "पण हे तुम्ही कधी करून पाहिलंय?"

"नाही सर."

"मग आधी घरी करून दाखवा. पिल्लं आणली की आठ दिवसांनी मी बघायला येतो. जगली तर पत्रक छापू. एक जरी दगावलं, तर हे कागद कचऱ्यात."

आता माझी अब्रू कोंबडीच्या चाळीस पिल्लांच्या हाती होती, आणि ती अजून अंड्यातून बाहेरही आली नव्हती!

पिल्लं नांदेडच्या एका उबवणी केंद्रात मिळणार होती. घरी मी एवढंच सांगितलं, "ऑफिसच्या कामानं नांदेडला जातो, बेबीकडे उतरीन." बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला आठवा महिना चालू होता आणि बाळंतपणाला माहेरी आणायचं आमचं ठरलेलं होतं. पिल्लांचं नाव मी बायकोजवळ, म्हणजे विमलजवळ, काढलं नाही. (काढलं असतं तर नांदेड राहिलं असतं!) पण नांदेडला पोचल्यावर माझंच पत्रक मला आठवलं : ब्रूडर एक दिवस आधी तयार हवा. आमच्याच गल्लीतले किसनराव एस.टी.वर ड्रायव्हर होते, त्यांची गाडी संध्याकाळी लातूरला निघत होती. त्यांच्या हाती मी घाईघाईनं चिठ्ठी दिली, आणि ती अर्थातच शुद्ध मराठीत लिहिली :

'उद्या दुपारी पिल्लं घेऊन येत आहे. दाई आजच तयार ठेवावी. खोली स्वच्छ, कोरडी व उबदार असावी. गार वारा लागता कामा नये. बाहेरच्यांनी हाताळू नये.'

ही चिठ्ठी विमलनं माझ्या मायला वाचून दाखवली, आणि मायनं ऊर बडवून घेतला. "बेबी बाळंत झाली गं! आठव्यातच! आन् पिल्लं म्हनून राहिला, म्हंजी जुळं हाय!"

मी दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिलो तो असा. माझ्या डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलसर फडकं.

"बेबी कुठाय?" मायनं विचारलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"नांदेडला. मजेत आहे."

"आन् लेकरं?"

मी टोपली खाली ठेवली आणि फडकं झोकात बाजूला केलं. "ही काय! चाळीस!"

चाळीस चोची एकदम वाजल्या. गयाबाईनं पान थुंकलं, कमरेवर हात ठेवून टोपलीत वाकून बघितलं.

"बाप्पा! इतकी वर्सं बाळंतपनं करून राहिले, पर असं पयल्यांदाच बघितलं."

मग विमल मायकडे बघत बोलायला लागली. "कालच्यानं आत्याबाईंच्या पोटात अन्नाचा कन न्हाई. टँकरचं पानी, आख्खा हंडा तापवून राहिले मी. ह्या दुष्काळात! आन् तुमी कोंबड्या घेऊन आले?"

"मी चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, दाई तयार ठेवा!"

"ठेवली की!" तिनं गयाबाईकडे हात केला.

"अगं, ही दाई नाही! कृत्रिम दाई!"

"ती कोन?" गयाबाईनं संशयानं विचारलं. "कोन्या गल्लीची?"

तिला बहुधा धंद्यात कोणी वाटेकरी आल्यासारखं वाटलं. "बोलावलंय तर आता जेवूनच जाईन," असं म्हणून ती भिंतीला टेकून बसली, आणि माझा प्रयोग प्रेक्षकांसमोर सुरू झाला.

मी पुठ्ठ्याचं कुंपण केलं. भुसा मिळाला नाही, म्हणून पत्रकाच्या मसुद्याचे रद्द कागद अंथरले. (दहा मिनिटांत पिल्लांनी माझ्या मराठीवर आपलं मत ठिकठिकाणी नोंदवलं.) वर बल्ब टांगला. आतलं तापमान पंचाण्णव अंश असावं, असं पत्रकात होतं. मोजायला घरात एकच साधन होतं, तापाचा थर्मामीटर. तो मी बल्बखाली धरला. एकशे चार!

"बाप रे, भाजतील!" मी बल्ब वीतभर वर घेतला आणि पुन्हा बघितलं. एकशे चार. हातभर वर घेतला. एकशे चार! शेवटी स्टुलावर चढून बल्ब पार आढ्याला बांधला. खाली येऊन बघतो तर पारा ढिम्म, एकशे चार! पिल्लं मात्र आता एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून बसली होती आणि जीव खाऊन ओरडत होती.

"बघ, कशी प्रेमानं एकत्र राहतात," मी विमलला म्हणालो.

"प्रेम न्हाई बाबा, गारठलीत ती," गयाबाई भिंतीजवळून म्हणाली. ती उठली, माझ्या हातातला थर्मामीटर घेतला आणि तीनदा जोरात झटकला. पारा सर्रकन खाली आला. "दवाखान्यातली सिस्टर असं झटकती. त्याबिगर ते उतरत नसतंय."

माझी मान पाऱ्याच्याही खाली गेली.

"आन् काचंकडं बघून काय कळतंय?" तिनं बल्ब स्वतः खाली घेतला. "लेकराकडं बघावं. ढीग करून बसली म्हंजी थंडी. कडंला पळून चोच वासली म्हंजी गरम. पांगून खात फिरली म्हंजी बरं. हे कागद बी काढा. पाय घसरून फाकत्यात, जन्माची अधू व्हतील."

कागद काढणं माझ्या जिवावर आलं. "करतो उद्या," म्हणालो.

दिवेलागणीला लाईट गेली. थंडीचे दिवस, त्यात घराला पत्रे. मी धावत जाऊन शेगडी पेटवली, कुंपणाशेजारी ठेवली, दार लावलं, खिडक्यांतली लुगडी आणखी आत कोंबली. माझ्या पत्रकात 'गार वारा' या दोन शब्दांखाली रेघ होती ना! थोड्या वेळात पिल्लांचा आवाज कमी कमी होत थांबला.

"झोपली एकदाची," मी म्हणालो आणि कंदील जवळ नेला. एक पिल्लू आडवं पडलं होतं, मान टाकून. बाकीची डोळे मिटून डुलत होती. माझं डोकंही जड झालं होतं. त्या क्षणी मला खरंच रडू आलं. सकाळपासून टोपलीत माझ्या मांडीवर बसून आलेला तो एवढासा जीव! पत्रक वगैरे सगळं विसरलो. (खोटं कशाला बोलू, पत्रकही आठवलं.)

"गयाबाई!" मी ओरडलो.

ती जेवणावरून खरकट्या हातानं उठून आली. दार सताड उघडलं, वरच्या खिडकीतलं लुगडं ओढून फेकलं आणि शेगडी अंगणात नेऊन ठेवली. "धूर कोंडून लेकरं मारून राहिला का रे? वारा अंगावर येऊ द्यायचा नसतोय, पर खोलीत यायला नको? बाळंतिणीची खोली बी अशी कोंडत न्हाईत!"

मग मी नुसता बघत राहिलो. तिनं निखारे बाहेर चांगले फुलू दिले, धूर संपल्यावर एका गाडग्यात भरले, वर राख पसरली. गाडगं कुंपणाच्या मधोमध ठेवून भोवती विटा लावल्या, म्हणजे पिल्लं चिकटायला नकोत. कुंपणावर अर्ध्या भागात लुगडं, अर्धा भाग उघडा. माझे कागद तिनं माझ्यादेखत गोळा करून उकिरड्यावर टाकले आणि भुईमुगाची टरफलं पसरली. पडलेलं पिल्लू तिनं पदरात छातीशी धरलं आणि बोट बुडवून कोमट गूळपाण्याचा थेंब थेंब त्याच्या चोचीला लावत राहिली. माय तिच्याशेजारी बसली होती. ज्या नातवंडांसाठी ती आदल्या दिवसापासून रडत होती, त्यांची सगळी माया तिनं आता त्या पिल्लाला लावली होती. बऱ्याच वेळानं पदरातून बारीकसं 'चिव' ऐकू आलं.

"जगलं गं माय!" माय म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

पुढचे आठ दिवस गयाबाई सकाळ-संध्याकाळ यायची. विमल आणि माय तिच्या हाताखाली तयार झाल्या. मला दोन कामं होती : टरफलं आणणं आणि पाण्याच्या वाट्या घासणं. (वाट्या नीट निघत नाहीत म्हणून तिसऱ्या दिवशी दुसरं काम काढून घेण्यात आलं.)

आठव्या दिवशी साहेब आले. चाळीसच्या चाळीस पिल्लं टरफलांत पांगून खात होती. साहेबांनी दोनदा मोजली.

"वा! आणि ती कृत्रिम दाई कुठंय?"

"दाई ह्या," विमलनं गयाबाईकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे. "कृत्रिम हे."

साहेब इतके हसले की पिल्लं कडेला पळाली. मग ते गयाबाईसमोर मांडी घालून बसले, अर्धा तास एकेक गोष्ट विचारत राहिले आणि मला म्हणाले, "लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. 'आर्द्र आच्छादनाचे वेळोवेळी निष्कासन करावे' असं मी पत्रकात घातलं होतं. गयाबाई म्हणाली, "वलं दुपटं लेकराखाली ठिवतो का आपन? तसंच हे. वलं दिसलं की काढायचं."

"हे असंच्या असं राहू द्या," साहेब म्हणाले. "लोकांना कळेल."

पत्रक छापलं गेलं आणि जिल्हाभर वाटलं गेलं. त्यातलं सगळं ज्ञान गयाबाईचं, सगळी वाक्यं गयाबाईची. माझ्याकडे फक्त शुद्धलेखन उरलं होतं, आणि ते मी तीन वेळा तपासून दिलं. पहिली प्रत हातात घेऊन साहेबांनी मला बोलावलं आणि 'पिल्लांची दाई' या मथळ्यातच लाल पेन्सिलीनं एक गोल काढून दाखवला. 'दाई'तला 'ई' मी ऱ्हस्व काढला होता!