खाडीकाठची ठिपक्यांची रेघ

खाडीकाठच्या ट्रॅकवरचं बाकडं ज्याने काढायला लावलं, त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

शेवटच्या वर्षी बाबांना चार पावलं टाकली की धाप लागायची. गावठाणातल्या आमच्या घरामागूनच ट्रॅक सुरू होतो. मध्यावर भेंडीच्या झाडाखालच्या बाकड्यावर टेकायचं, मग टोकाला जाऊन पाणी बघायचं आणि परतायचं, एवढंच त्यांचं उरलं होतं. टॉवरमधल्या धावणाऱ्यांच्या ग्रुपला ते बाकडं खुपलं. तिथे रिकामटेकडे बसतात, असा अर्ज त्यांच्या म्होरक्याने केला. एका सकाळी बघतो तर सिमेंटात नुसते बोल्ट. बाबा तिथेच खाली बसले. म्होरक्या धावता धावता थांबला. "काका, ट्रॅकवर नाही बसायचं. रनर्स येतात."

बाबा पुन्हा खाडीवर गेले नाहीत. पावसाळ्यात वारले.

पुढे ट्रॅकच्या तोंडाशी नकाशाची पाटी लागली. झालेला ट्रॅक हिरव्या रेघेचा, होणारा ठिपक्यांचा. ठिपके हायवेच्या पुलाखालून पार पलीकडच्या गावापर्यंत गेलेले, आणि मध्ये, घराच्या मागच्या दाराला लागूनच, आमची पट्टी. सगळी शेतं शहरात गेली, तेव्हा शेवग्याच्या झाडांचा हा तुकडा तेवढा आमच्या नावावर राहिला होता. उट्टं काढायची संधी घरी चालत आली.

खरंच चालत आली. म्होरक्या पेढे घेऊन दारात. "दादा, फक्त तुमची एनओसी राहिलीय. सगळ्यांचंच भलं आहे."

"ते बाकडं कुठे गेलं?" मी विचारलं.

"कुठलं बाकडं?"

नाटक नव्हतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेढे त्याच्या हातात परत दिले आणि दुसऱ्याच दिवशी पट्टीला काटेरी तार ठोकून घेतली.

आता तो रोज सकाळी धावत येतो, तारेशी थांबतो, मनगटावरचं घड्याळ बघतो आणि तोंड पाडून मागे फिरतो. मी ब्रश करत बघत राहतो. फार बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

परवा आईने नातीकडून ती पाटी वाचून घेतली. घरी येऊन म्हणाली, "ती ठिपक्याची वाट माजे म्हायेरला जाते."

पलीकडचं गाव तिचं माहेर. तिची बहीण अजून तिथेच आहे. मध्ये हायवे आला, पादचारी पुलाचे जिने आईच्या गुडघ्यांना झेपेनात, आणि तिचं जाणं सुटलं.

"रिक्षाने सोडतो ना," मी म्हणालो.

"रिक्षानं पावनी जाते. मना माजे पायानं जायचा हाय." मग जरा वेळाने, "तुजा बाप गेला रं. मी हाय ना अजून."

रात्रभर ते वाक्य छातीवर बसून होतं. सकाळी पक्कड घेऊन तारेपाशी गेलो. आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. पहिल्या तारेला पक्कड लावली, तेवढ्यात तो धावत आला.

"अरे वा दादा! मोकळं करताय? गुड, गुड. मी म्हटलंच होतं ग्रुपवर, येतील वळणावर."

मी पक्कड खिशात घातली. आईकडे न बघता तार ओढून बघितली. घट्ट होती.